रुळावरचं गवत



माझी पाठवणी तीन रुळांवरून झाली, असं मी सुनेला सांगते तेव्हा तिला ते कोडं वाटतं. कोडं काही नाही. १९८२ साली लग्न झालं. माहेर कारंजा लाड, सासर जालना. कारंज्याहून मूर्तिजापूरपर्यंत आमची लहान गाडी, अडीच फुटी रुळांची. मूर्तिजापूरहून मनमाडपर्यंत मोठी गाडी, साडेपाच फुटी. मनमाडहून जालन्यापर्यंत मीटरगेज, म्हणजे सव्वातीन फुटांच्या आसपास. प्रत्येक ठिकाणी सगळं उतरवायचं, पुन्हा चढवायचं: रुखवताची पातेली, दोन ट्रंका, बुंदीच्या लाडवांचे डबे, आणि मी. मनमाडच्या फलाटावर सासूबाईंनी डबे मोजले, एक कमी भरला. तो डबा पुढे आयुष्यभर निघत राहिला, ते असो.

त्या तीनपैकी मोठी गाडी आहेच. जालन्याची मीटरगेज निजामाच्या राज्यातली. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे म्हणून १९०० साली मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत ती सुरू झाली आणि १९९०च्या दशकात तिची ब्रॉडगेज झाली. आता डिसेंबर २०२३ पासून जालन्याहून मुंबईला ‘वंदे भारत’ जाते. उरली माझ्या माहेरची लहान गाडी. तिला सगळं वऱ्हाड ‘शकुंतला’ म्हणतं. ती आता धावत नाही. आज तिच्याबद्दल लिहायचं आहे, आणि सातासमुद्रापलीकडच्या तिच्या एका बहिणीबद्दल, जी तिच्याहून म्हातारी असून अजून धावते.

आधी आपली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला. मूर्तिजापूर त्या मार्गावर होतं, पण कापूस पिकायचा तो आत, यवतमाळ, दारव्हा, कारंजा, अचलपूरच्या बाजूला. बैलगाडीने तो स्टेशनला आणायचा म्हणजे पावसाचं भय आणि दिवसांचा खोळंबा. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने मूर्तिजापूरपासून दोन फाटे टाकले, एक यवतमाळला, एक अचलपूरला. दोन्ही मिळून १९० किलोमीटरच्या आसपास. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला यायच्या, मोठ्या गाडीत चढायच्या आणि मुंबई बंदरातून विलायतेच्या गिरण्यांत जायच्या.

गाठींच्या मागोमाग माणसं बसायला लागली. माझे वडील एका जिनिंगमध्ये मुनीम होते. ते म्हणायचे, रोकडवहीत गाडी भाड्यापुरती दिसते, पण गावात ती सगळीकडे असते. कारंज्याचं महावीर ब्रह्मचर्याश्रम गुरुकुल १९१८ साली सुरू झालं. लांबलांबच्या गावांहून मुलं ट्रंक आणि वळकटी घेऊन याच गाडीने उतरायची, असं वडील सांगायचे. आमच्या तिन्ही मंदिरांतली हस्तलिखितं बघायला विद्वान यायचे. आणि आम्ही बायका? मूर्तिजापूरला मावशीकडे जायचं तर डब्यात दशम्या बांधायच्या आणि निघायचं. गाडी इतकी सावकाश जायची की दशमी संपायची, गाव यायचं नाही. तरी एकटी बाई निर्धास्त बसायची, कारण डब्यातल्या निम्म्या माणसांना ती कोणाची मुलगी हे ठाऊक असायचं.

इंजिनही सांगण्यासारखं. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून या मार्गावर राबलं, ते थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत. एकाहत्तर वर्षं! तेव्हा डिझेल इंजिन आलं. शेवटच्या काळात गार्डच तिकीट देत असे, आणि फाटक आलं की गाडी थांबवून, माणूस उतरून, फाटक लावून, गाडी पुढे. लोक हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. घरात माणसं कमी झाली की बाई काय करते? तेच.

मग बिघडलं कुठे? मी बी.कॉम. केलंय, अकोल्याहून. संसारात किराण्याच्या हिशेबापलीकडे त्याचा फार उपयोग झाला नाही, पण इथे थोडा होतो. १९५१ साली देशातल्या रेल्वे सरकारने घेतल्या, तेव्हा हा मार्ग बाहेर राहिला. रूळ कंपनीचे, गाडी मध्य रेल्वेची, आणि दोघांत भाड्याचा करार. ‘अजून इंग्रजांना पैसा जातो’ असं वर्तमानपत्रांत दर दोन-चार वर्षांनी छापून यायचं आणि आपण चिडायचो. किलिक निक्सनची मालकी पुढे भारतीयांकडेच आली, हे त्या बातम्यांत क्वचितच असायचं. माझ्या मते खरा प्रश्न पैसा कुठे जातो हा नव्हताच. मालमत्ता एकाची, वापर दुसऱ्याचा, तर डागडुजी कोणाच्या खाती टाकायची? भाडेकरू म्हणणार घर माझं नाही, मालक म्हणणार राहतोस तू. कौलं दोघांच्या मधून गळतात. रूळ झिजले, स्लीपर कुजले, वेग तासाला २० किलोमीटरच्या आसपास आला. वेग कमी म्हणून लोक एसटीने जायला लागले, लोक कमी म्हणून खर्च कोण करणार. २०१६ साली ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली, १५०० कोटींची. आणि त्याच सुमाराच्या काही वर्षांत आधी एका बाजूची गाडी थांबली, मग दुसऱ्या बाजूची.

आता दुसऱ्या बहिणीकडे जाऊ. माझा धाकटा मुलगा बर्मिंगहॅमला असतो. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये त्याच्याकडे गेले होते. (तिकडे जूनमध्ये सूर्य साडेनऊला मावळतो. चौविहार पाळणारीला कधी नव्हे ती घाईच नाही. पहिले दोन दिवस मी उगाच साडेसहाला ताट मांडून बसले.) नातू तेव्हा पाच वर्षांचा, ‘थॉमस’ नावाच्या इंजिनाच्या गोष्टींचा वेडा. त्याच्यासाठी आम्ही वेल्सच्या समुद्रकाठच्या टवीन या गावी गेलो. तिथून टॅलिलिन रेल्वे सुटते. तिचा खरा उच्चार मला अजून जमत नाही, तुम्हीही असाच करा.

ही रेल्वे १८६५-६६ मधली. रूळ सव्वादोन फुटी, म्हणजे आमच्या शकुंतलेहूनही अरुंद. लांबी सगळी मिळून बाराएक किलोमीटर. डोंगरात पाटीच्या दगडाची खाण होती. आपण शाळेत ज्यावर लिहायचो तोच दगड, तिकडे त्याने घरं शाकारतात. तो दगड खाली आणायला ही गाडी, जशी कापसाला आमची. सुरुवातीला तपासणीला आलेल्या सरकारी साहेबाने पाहिलं की पुलांखालून डबा जाताना बाजूला पुरेशी जागाच नाही, कोणी दार उघडलं तर आपटेल. पूल पाडणार कोण? मग एका बाजूची दारं कायमची बंद करून टाकली. अजूनही डब्यांना दारं एकाच बाजूला आहेत. असली तोड मला फार आवडते.

१९११ साली सर हेन्री हेडन जोन्स यांनी खाण आणि रेल्वे दोन्ही विकत घेतल्या. ते तिथले खासदार होते. डिसेंबर १९४६ मध्ये खाणीत मोठी पडझड झाली आणि खाण बंद पडली. म्हणजे गाडीचं पोट भरणारी गोष्टच गेली. पण मी जिवंत आहे तोवर गाडी चालेल, असं त्यांनी म्हटलं होतं आणि ते त्यांनी पाळलं. १९४८ साली ब्रिटनमधल्या रेल्वे सरकारने ताब्यात घेतल्या, त्यांतून ही बारकी रेल्वे सुटली. इथे मी थबकले. आमचीही सुटली होती, तीनच वर्षांनी! सरकारच्या यादीत नसलेल्या दोन गाड्या, एक वऱ्हाडात, एक वेल्समध्ये.

जुलै १९५० मध्ये सर हेन्री वारले. दोन इंजिनांपैकी एकच, ‘डोलगॉक’ नावाचं, चालण्याच्या स्थितीत होतं आणि त्याचा जन्म १८६६चा. रुळांची अवस्था अशी की लाकडी स्लीपर कुजून गेलेले, आणि दोन रुळांमधलं अंतर राखलं होतं ते वर माजलेल्या गवताने. गवताच्या मुळांनी रूळ धरून ठेवले होते. हे वाचून मी मुलाला दोनदा विचारलं, खरंच? खरंच.

टॉम रोल्ट नावाचे एक लेखक होते. जुने कालवे वाचवण्याच्या चळवळीत आधी होते. त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, आणि ११ ऑक्टोबर १९५० ला बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा बोलावली. सत्तरेक माणसं आली. गाडी बंद पडू द्यायची नाही, आपणच चालवायची, असं ठरलं. पगार नाही. सुट्टीत यायचं, रूळ टाकायचे, कोळसा ओढायचा. तोवर जगात कुठे सामान्य माणसांनी अशी रेल्वे चालवायला घेतली नव्हती. अनेकांनी वेड्यात काढलं.

पण ज्या गोष्टीकडे मी तुमचं लक्ष वेधू इच्छिते ती वेगळी आहे. सर हेन्रींच्या मागे त्यांच्या पत्नी लेडी हेडन जोन्स होत्या. रेल्वे भंगारात घातली असती तर चार पैसे आले असते. त्यांनी ती विकली नाही. एक नवी कंपनी काढून शेअर तिच्या नावे केले, आणि कारभारात त्यांच्या बाजूची माणसं आणि नव्या संस्थेची माणसं दोन्ही बसली. फेब्रुवारी १९५१ मध्ये ताबा मिळाला आणि १४ मे १९५१ ला पहिली गाडी निघाली. या रेल्वेच्या इतिहासात रोल्ट साहेबांचं नाव मोठं आहे, ते असावंच. पण त्या बाईने किल्ली दिली नसती तर ते सत्तर जण हॉटेलात चहा पिऊन घरी गेले असते.

पुढची पहिली वर्षं हालाची. शेजारची एक रेल्वे १९४८ मध्ये बंद पडली होती, तिचेही रूळ नेमके सव्वादोन फुटी. तिची दोन इंजिनं पडून होती, ती २५-२५ पौंडांना घेतली. एकाची चाकं अरुंद निघाली आणि इथले रूळ सैल होऊन फाकलेले, त्यामुळे ते इंजिन सारखं दोन रुळांच्या मध्ये खाली बसायचं. दुसरं लीड्सच्या हन्स्लेट कारखान्याने फुकट दुरुस्त करून दिलं. रूळ बदलायला सैन्याची माणसं येऊन गेली. ‘थॉमस’च्या गोष्टी लिहिणारे पाद्री ऑड्री १९५२ मध्ये इथे सुट्टीत गार्डचं काम करायला आले. एकदा त्यांनी शिट्टी देऊन गाडी सोडली आणि खाण्यापिण्याचं सामान विकणारी बाई फलाटावरच राहिली. ही फजिती त्यांनी पुढे आपल्या गोष्टीत घातली. नातवाला ती गोष्ट पाठ आहे. ती घडली ते हेच ठिकाण, हे कळल्यावर त्याने मला फलाटावर एक क्षण एकटीला सोडलं नाही.

आम्ही बसलो त्या गाडीचं तिकीट तपासणारे गृहस्थ सत्तरीचे असावेत. निवृत्त झाल्यापासून महिन्यातून एक आठवडा येतात म्हणाले. रुळाकडेची काटेरी झुडपं कापायला हिवाळ्यात वेगळी तुकडी येते. ते काम कोणाला दिसत नाही, फोटोला चांगलं नाही, थंडी-पावसात करायचं. इंजिन चालवायला सगळे तयार असतात, चर उपसायला माणूस मिळवणं कठीण, असं त्यांनी हसत सांगितलं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पंगतीत वाढायला वीस जणी, परातीएवढी भांडी घासायला तीन.

ही रेल्वे आज काही पगारी माणसं आणि बाकी स्वयंसेवक चालवतात. १९७६ मध्ये त्यांनी प्रवासी गाडी आणखी पुढे, खाणीच्या बाजूला वाढवली. २०२१ मध्ये वेल्सचा पाटीच्या दगडाचा सगळा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, त्यात हीही आली. दोन्ही जुनी इंजिनं अजून धावतात.

परत आल्यावर मी हे सगळं कारंज्याच्या दादाला फोनवर सांगितलं. म्हटलं, आपण का नाही करत? दादा जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ताई, तू विळा घेऊन रुळावर जा. पहिला येईल तो विचारील, कोणाच्या परवानगीने? आणि परवानगी मागायची कोणाला, हे तू मला सांग.”

त्याचं खरं आहे. आपल्याकडच्या माणसांना आच नव्हती असं नाही. शकुंतला परत सुरू व्हावी म्हणून लोकांनी निवेदनं दिली, आंदोलनं केली. पण निवेदन देणारा हात आणि रूळ दुरुस्त करणारा हात यांच्यामध्ये आपल्याकडे एक कुलूप आहे, आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे हे वर्षानुवर्षं कळत नाही. वेल्समध्ये ते कुलूप चार महिन्यांत उघडलं. हा फरक मला गवतापेक्षा, पैशापेक्षा, लोकांच्या स्वभावापेक्षाही मोठा वाटतो.

तरी स्वभावाचा भाग अगदीच नाही असंही म्हणवत नाही. आमच्या मंडळाने काही वर्षांपूर्वी गावातली एक जुनी बारव साफ करायला घेतली होती. परवानगी होती. पाच रविवार आम्ही गेलो. फावडी, घमेली, फोटो, वर्तमानपत्रात बातमी. सहाव्या रविवारी लग्न होतं, सातव्या रविवारी पाऊस. दसऱ्याला बघितलं तर गवत गुडघ्यापर्यंत. दोष कोणाला देऊ? वारांची वही माझ्याकडेच होती.

आणि त्याच आम्ही श्रुतपंचमीला काय करतो? ज्येष्ठ शुद्ध पंचमीला ग्रंथ बाहेर निघतात, त्यांना ऊन-वारा लागतो, पुसले जातात, जुनी वेष्टनं काढून नवी बांधली जातात. कारंज्यात मी लहानपणी आईबरोबर जायची. मला ग्रंथाला हात लावू देत नसत, फक्त वेष्टनाच्या दोऱ्या धरायच्या. कोणी टाळ्या वाजवत नाही, बातमी येत नाही, तरी ते चुकत नाही, कारण तो आमच्यापैकी कोणाचा उत्साह नाही, तिथीवर नेमलेलं काम आहे. त्या भांडारांतल्या पोथ्यांवरून १९३० नंतरच्या काळात अपभ्रंश भाषेतले जुने ग्रंथ छापले गेले, तेव्हा जगाला कारंजा कळलं. तोपर्यंत कित्येक पिढ्या फक्त दोऱ्या सोडत होत्या आणि बांधत होत्या.

हे मी दादाला सांगितलं तर तो म्हणाला, भांडाराची किल्ली आपल्याकडे होती. पुन्हा तिथेच.

मध्ये एक बातमी वाचली असेल तुम्हीही. ऑगस्ट २०२४ मध्ये जालना-जळगाव नव्या मार्गाला केंद्राने मंजुरी दिली, १७४ किलोमीटर, ७,१०५ कोटी. अजिंठ्याला आता रेल्वेने जाता येईल म्हणून आमच्या घरात पेढे आले. आनंद मलाही झाला. पण वाण्याच्या घरची मुलगी आणि मुनिमाचं रक्त, मला खर्चाच्या बाजूलाही बघायची खोड आहे. बांधायला कोटी मिळतात. बांधलेलं राखायला किती ठेवतो, ते रकाने मी शोधत असते.

मागच्या भाऊबीजेला समृद्धी महामार्गाने कारंज्याला गेलो. मुलगा, सून आणि नातू दिवाळीला आले होते. ज्या प्रवासात मी तीन गाड्या बदलल्या होत्या तो तीन तासांत झाला, सुनेची झोपसुद्धा पुरी झाली नाही. ओवाळून झाल्यावर नातवाने हट्ट धरला, आजीची गाडी बघायची. दादा म्हणाला, गाडी नाही रे बाळा, रूळ असतील. गेलो.

वेड्या बाभळी, गवत, मध्ये एक शेळ्यांची वाट. रूळ कुठे ते मलाही पटकन कळेना, जिथून मी शालू सावरत चढले होते तिथे उभी राहूनही. नातू म्हणाला, “आजी, तिकडच्या आजोबांनी कापलं असतं हे.” दादाने, ज्याने मला फोनवर परवानगीचं ऐकवलं होतं त्याने, चपला बाजूला काढल्या, खाली बसला, गवतात काही जीवजंतू नाहीत ना ते काडीने चाळवून बघितलं, आणि हाताने एकेक झुबका उपटायला लागला. मग नातू बसला. मग मी, गुडघे कुरकुरत. दोन-अडीच हात रूळ मोकळा झाला, तांबूस, अजून सरळ. नातवाने त्यावर कान ठेवून बघितलं. तेवढ्यात वहिनीचा फोन आला, दिवस मावळायला आलाय, जेवायला येताय ना? हात झटकून आम्ही निघालो.